सातवा चेंडू

निवृत्ती गायधनी, पळशाचा.
नावातच निवृत्ती, मग खेळणार किती,
असं पोरं म्हणायची. तो हसायचा,
पुढचे दोन दात नसलेलं हसू,
मॅटिंगवर उसळलेल्या चेंडूनं नेलेले.

डावखुरा. मध्यमगती. बारा पावलांचा रनअप,
अकरावं पाऊल जरा लांब,
उसाच्या सरीवरून उडी मारावी तसं.
दिवसा नोट प्रेसमध्ये, मोजणी खात्यात.
ओला स्पंज, काळं पडलेलं बोट,
सुटताना खिसे उलटे करून दाखवायचे
आणि भोंग्यानंतर जेल रोडच्या मैदानावर
एकच स्टंप रोवून
अंधार पडेतो.

मी स्कोअरर. गोल्फ क्लबवर, लिंबाच्या सावलीत,
टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा.
त्या डिसेंबरात बडोद्याचा संघ आलेला.
आपला डावखुरा पुण्यातच तापानं पडला
आणि रात्री नऊला सायकलवरून
निरोप गेला पळशाला.
पांढरी पँट होती त्याच्याकडे. बूट नव्हते.
बूट आर्टिलरी सेंटरच्या एका हवालदाराचे,
एक नंबर मोठे, पुढे कापूस.

दुसरा दिवस, चहाच्या आधीचं षटक.
अंपायर मोजायचे चिंचोक्यांनी,
सहा डाव्या खिशात, एकेक उजवीकडे.
चौथ्या चेंडूला वावटळ आली, त्यांची हॅट
मिडविकेटकडे घरंगळत गेली,
सगळे हसले, हॅट परत आली,
चिंचोका होता तिथंच राहिला.

मी सहा टिंबं दिली. मान वर केली.
निवृत्ती चालत निघालेला, खुणेकडे.
अकरावं पाऊल लांब.
चेंडू पडला, आत आला, जरासाच,
आणि बडोद्याच्या कर्णधाराचा मधला स्टंप
आडवा झाला, पाळीवरून आलेल्या माणसासारखा.

नियम सांगतो, अंपायरची मोजणी हीच मोजणी.
चौकटीत जागा सहाची.
मी रेघेला चिकटवून बारीक डब्ल्यू कोंबला.

मग पुण्याला एक सामना. तिथं काही नाही.
मग यादी लागली, तीत नाव नाही.
मग प्रेसच्या दोन खात्यांमधल्या स्पर्धा, पोहे, स्टीलचा तांब्या.

दोन सामने, एकतीस षटकं,
एकशे चार धावा, एक बळी.
एकतीस सक एकशे शहाऐंशी, पाढा म्हणतो.
टाकले एकशे सत्त्याऐंशी.
हे कुणी मला विचारलं नाही,
आणि अडतीस वर्षं मी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात गेलो. बंद साखर कारखान्याच्या अलीकडे
त्याचं घर, पत्र्यावर शेवगा वाकलेला.
चहा झाला. बोललोच शेवटी.

तो बशी खाली ठेवून म्हणाला,
"मला काय सांगतो? माझं कामच मोजायचं.
हॅट उडाली तवा मी हॅटकडं न्हवतो बघत,
त्यांच्या खिशाकडं बघत होतो.
चिंचोका काही हलला नाही."

बाहेर कोंबडी उगाच ओरडली.

"म्हटलं, एक जास्तीचा मिळतोय.
म्हणून सहावा बाहेर काढला, नुसता दाखवायला."

मी काय बोलणार? सहाव्यासमोर माझ्या वहीत
बाकीच्यांसारखंच एक टिंब आहे.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं,
"शाईनं लिवलंय का पेन्सिलीनं?"
शाईनं, म्हटलं.
"मग राहू दे."

निघताना रिक्षाला सुटे नव्हते माझ्याकडे.
त्यानं आतून आणून दिले,
दारातल्या उजेडात
दोनदा मोजून.